जुन्या सुट्या भागांतून फुल सस्पेन्शन सायकल: ४० हजारांत जमेल का?

माळ्यावरचा | ८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षांपूर्वी मावसभाऊ जर्मनीहून कायमचा परत आला तेव्हा सामानात एक सायकलची फ्रेम होती. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली, ॲल्युमिनियमची, २६ इंची. मागचा शॉक (धक्के शोषणारा भाग) गायब. कंपनीचं स्टिकर कुणीतरी खरवडून काढलेलं. "तुला खटपटीची हौस आहे, घे" म्हणाला आणि तेव्हापासून ती आमच्या माळ्यावर पिंपाशेजारी पडून आहे.

या दिवाळीपर्यंत ती रस्त्यावर, म्हणजे खरं तर टेकडीवर, आणायचीच असं ठरवलंय. माझं वय ४६, वजन ८२ किलो, राहायला कोथरूड. रविवारी वेताळ टेकडी, जमलं तर बोपदेव-कानिफनाथ. हवेत उड्या वगैरे मारायच्या नाहीत. जुन्या हार्डटेलचा (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलचा) क्रँक (पेडलचा दांडा) आणि सीट हाताशी आहे. बाकी सगळं सेकंडहँड किंवा स्वस्तातलं नवं. बजेट ४० हजार. होईल का? सुरुवात कुठून करू?

खडूस | ८ जून, रात्री ९:५२

नाही. पुढचा प्रश्न?

खडूस | ८ जून, रात्री १०:०५

बरं, सविस्तर सांगतो. चाळीसात दुकानातून बऱ्यापैकी नवी हार्डटेल मिळते, वॉरंटीसकट. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून ८०० मीटर आहे, हिमालय नाही. तिथल्या दगडांना मागचा शॉक कशाला हवा? तुम्ही स्वस्तातले भाग घ्याल, ते एकमेकांत बसणार नाहीत, मग दुसरे घ्याल. मी या वाटेने गेलोय. माझ्याकडे आजही तीन हेडसेट (हँडलखालची बेअरिंग) आणि पाच सीटपोस्ट (सीटच्या नळ्या) आहेत, सायकल मात्र एकच.

रमतगमत | ८ जून, रात्री १०:११

खडूस, त्या पाचातली ३०.९ मिमीची एखादी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सातारी_कंदी | ८ जून, रात्री १०:३०

धागाकर्ते, काळजी नको. माझ्याकडं एक एअर शॉक पडून हाय, २००×५७. दोनच वर्षं वापरलेला. ४,५०० ला देतो. फ्रेमचा फोटो टाका, बघून सांगतो बसंल का.

गोदाकाठची | ८ जून, रात्री ११:१५

माळ्यावरचा, फोटो बघून शॉक घेऊ नका. मीही घेऊ नका म्हणते आणि तुमची फ्रेमही तेच म्हणेल.

नाशिकला मी अशा दोन सायकली बांधल्या, एक स्वतःची आणि एक भाच्याची. पहिल्या वेळी शॉक आधी घेतला आणि पस्तावले. शॉकला दोन मापं असतात: दोन्ही टोकांच्या डोळ्यांच्या (बोल्टच्या भोकांच्या) मध्यांतलं अंतर आणि स्ट्रोक, म्हणजे तो किती दबतो ते. २००×५७ म्हणजे अंतर २०० मिमी आणि दाब ५७ मिमी. हे जुनं माप. २०१६ नंतर २१०×५५, २३०×६५ अशी मेट्रिक मापं आली, ती जुन्या फ्रेमला बसत नाहीत. शॉक काढलेला असला की मागचा भाग लोंबकळतो आणि दोन भोकांमधलं अंतर तुम्ही हाताने धराल तेवढं येतं. म्हणून नुसती फूटपट्टी लावून काही कळत नाही.

तेव्हा हे करा. हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमची चपटी पट्टी आणा, २५ रुंद, ५ जाड. एका टोकाला ८ मिमीचं भोक पाडा. त्यापासून १९०, २०० आणि २१० वर एकेक भोक. शिवाय १४३ आणि १५० वर एकेक. ही पट्टी शॉकच्या जागी बोल्टने कसा. फ्रेमला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि चाकं लावा (उधारीची चालतील) आणि प्रत्येक भोकावर बघा: बीबी (पेडलचा मधला धुरा) जमिनीपासून किती उंच, पुढच्या ट्यूबचा कोन किती (मोबाइलच्या लेव्हल ॲपने मोजता येतो). जे अंतर बरोबर असेल तिथे सायकल सायकलीसारखी दिसते. मग १४३ आणि १५० च्या भोकांवर पट्टी लावा, म्हणजे शॉक पूर्ण दबल्यावर काय होतं ते दिसेल. टायर सीट ट्यूबला घासतो का, लिंक (मागच्या भागाचा जोडदांडा) कुठे अडते का, सगळं हवेशिवाय कळतं.

आणि आत्ताच सांगून ठेवते, नंतर विसराल: चेन कापताना शॉकमधली हवा काढून मागचा भाग पूर्ण दाबून मग माप घ्या. दबताना मागचा धुरा बीबीपासून लांब जातो, चेन जास्त लागते.

माळ्यावरचा | ९ जून, सकाळी ७:२०

ताई, दंडवत. पट्टीची कल्पना डोक्यातही आली नव्हती. शनिवारी करतो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

अटलांटिकपार | ९ जून, सकाळी ८:०२

इथे सॅन होजेत बसून वाचतोय. खडूसरावांसाठी थोडा इतिहास. माउंटन बाइकच मुळात भंगारातून जन्माला आली. माझ्यापासून दीड-दोन तासांवर मरिन काउंटी आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या पोरांनी १९३०-४० च्या दशकांतल्या जुन्या श्विन एक्सेल्सियर सायकली गोळा केल्या, त्यांना मोटरसायकलचे ब्रेक लीव्हर, जाड टायर, हाताला लागेल ते लावलं आणि डोंगरावरून सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली, नाव रिपॅक. कारण मागचा कोस्टर ब्रेक (पेडल उलटं दाबून लागणारा) उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडायचं आणि खाली पोचलं की हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं, म्हणजे रिपॅक करावं लागायचं. साधारण तीन किलोमीटरमध्ये ४०० मीटर उतार. तिथला विक्रम त्या पोरांपैकीच गॅरी फिशरचा, ४ मिनिटं २२ सेकंद. मी तिथून उतरलो तेव्हा चांगला डिस्क ब्रेक असून त्याच्या कित्येक पट वेळ लागला, त्यातला बराचसा फोटो काढण्यात.

खडूस | ९ जून, सकाळी ८:४०

त्या पोरांचं वय वीस-पंचवीस होतं. धागाकर्त्यांच्या गुडघ्याचं विचारा.

बेअरिंगबापू | ९ जून, दुपारी १२:१०

मी चिंचवडला बेअरिंगच्याच धंद्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. सायकल विशेष कळत नाही पण पिवट (सांधा) म्हणजे काय ते कळतं, म्हणून लिहितो.

फ्रेमच्या सांध्यातली बेअरिंग काढून नंबर वाचा. बहुतेक ६९०२ असेल, म्हणजे आतून १५, बाहेरून २८, जाडी ७. किंवा ६०००, ६००१. बाजारात सहज मिळतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाल तर ट्रकभर मिळतील. पण एक लक्षात घ्या. सायकलच्या सांध्यात बेअरिंग फिरत नाही, फक्त थोडंसं मागेपुढे हलतं. तेच तेच छर्रे त्याच त्याच जागी दाब सोसतात आणि तिथे खळगे पडतात. इथे वेगाचा काही संबंध नाही, त्यामुळे ग्रीस गच्च भरलेलं चालतं, उलट चांगलंच. रबर सीलचं (२आरएस) घ्या, पत्र्याचं झेडझेड नको, पावसात चिखल आत जातो. शक्य झालं तर पिंजरा नसलेलं, पूर्ण छर्रे भरलेलं घ्या. आणि फारच स्वस्त मिळत असेल तर खोका नीट बघा, डुप्लिकेट फार आहे.

बसवताना हातोडा मारू नका. लांब बोल्ट, दोन वॉशर आणि बाहेरच्या कड्याएवढा सॉकेट घ्या आणि नट आवळत नेऊन दाबा. जोर बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे, आतल्या नाही.

मी_नाही_त्यातली | ९ जून, दुपारी १:३०

मला यातलं एक अक्षर कळलं नाही पण बापूंचा प्रतिसाद दोनदा वाचला. "तेच तेच छर्रे त्याच त्याच जागी दाब सोसतात", आमच्या ऑफिसचं वर्णन आहे हे.

माळ्यावरचा | १५ जून, सायंकाळी ६:५५

पट्टीचा निकाल. १९० ला मागचा भाग बसका, कोन ६६.५, बीबी इतकी खाली की पेडल दगडाला लागेल. २०० ला कोन ६८, बीबी ३४० मिमी, सायकल एकदम ताठ आणि देखणी. २१० ला ती शेपूट वर केलेल्या मांजरासारखी दिसते. म्हणजे २००.

मग १४३ च्या भोकावर लावलं तर टायर सीट ट्यूबला चिकटला. अक्षरशः कागद जाईना. १५० ला ११ मिमी जागा राहते. म्हणजे स्ट्रोक ५०. धुरा जमिनीपासून किती वर येतो तेही मोजलं, १३२ मिमी. १३२ भागिले ५०, म्हणजे २.६४ चा रेशो. सातारी, माफ करा, तुमचा शॉक नको. ५७ लावला असता तर पहिल्याच खड्ड्यात टायरने फ्रेम खरवडली असती.

पण फोटो काढताना दुसरंच दिसलं. सीट ट्यूब आणि वरची ट्यूब जिथे वेल्ड केली आहे तिथे रंगात केसाएवढी रेघ आहे. फोटो जोडलाय. चीर असेल का?

सातारी_कंदी | १५ जून, सायंकाळी ७:१०

आवं टायर थोडा बारीक लावा की. ४,००० ला देतो.

झेंडूची_फुलं | १५ जून, सायंकाळी ७:३२

चीर आहे. भोसरीला नेऊन आर्गन वेल्डिंग करून घ्या, ५०० रुपयांत काम. आमच्या कंपनीत सगळं ॲल्युमिनियम तसंच जोडतात.

गोदाकाठची | १५ जून, रात्री ८:०५

झेंडू, कृपया नाही. फ्रेमच्या नळ्या बहुधा ६०६१ टी-६ या ॲल्युमिनियमच्या असतात. टी-६ म्हणजे तापवून, विझवून, परत भट्टीत ठेवून आलेली ताकद. आर्गनने वेल्ड केलं की त्या भोवतालची ताकद जाते आणि पुन्हा पूर्ण फ्रेम भट्टीत घातल्याशिवाय परत येत नाही. वेल्ड टिकेल, शेजारची नळी तुटेल. शिवाय फ्रेम वाकडी होते ती वेगळीच.

झेंडूची_फुलं | १५ जून, रात्री ८:२०

माझ्या चुलत्याची सायकल अशीच वेल्ड केलेली, आठ वर्षं चालवतायत.

खडूस | १५ जून, रात्री ८:२४

चुलते टेकडीवरून उतरतात का दूध आणायला जातात?

झेंडूची_फुलं | १५ जून, रात्री ८:३१

दूध आणायला. पण रस्ता खराब आहे.

बेअरिंगबापू | १५ जून, रात्री ९:४५

भांडू नका. आधी चीर आहे का ते तर बघा. डाय पेनिट्रंट नावाचे तीन स्प्रे मिळतात, वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा. त्या जागेचा रंग काढा, क्लीनरने पुसा, लाल डाय मारा, पंधरा मिनिटं थांबा, पुसून काढा आणि मग पांढरा डेव्हलपर मारा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. नसेल तर पांढरंच राहतं. आम्ही कारखान्यात डोळ्यांवर कधी विश्वास ठेवला नाही. जवळ राहत असाल तर या, माझ्याकडे अर्धे डबे शिल्लक आहेत.

माळ्यावरचा | २२ जून, रात्री १०:१०

आज बापूंकडे जाऊन आलो. (पत्ता व्यनित विचारला, त्यांनी जेवूनच जा म्हटलं. पिठलं-भाकरी.) गॅलरीत फ्रेम टांगून तासभर तो विधी केला. लाल मारलं, पुसलं, पांढरं मारलं आणि आम्ही दोघं खुर्च्या टाकून त्या जागेकडे बघत बसलो. काही उमटलं नाही. रेघ रंगातलीच. पण बापूंनी "आलाच आहात तर" म्हणून सगळ्या जोडांवर मारलं आणि वरच्या रॉकर लिंकच्या भोकात बोट घालून म्हणाले, "हे गोल नाहीये." खरंच, अंडाकार झालंय. बेअरिंग खिळखिळं असताना कुणीतरी वर्षभर चालवली असणार.

बापूंच्या ओळखीच्या टर्नरकडे उद्या लिंक देतोय. तो भोक मोठं करून त्यात गनमेटलची बुश (आतलं कडं) दाबून बसवणार.

रमतगमत | २२ जून, रात्री १०:४०

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). पिठलं ताकातलं होतं का?

बेअरिंगबापू | २३ जून, सकाळी ६:१५

ताकातलं नव्हतं. साधंच.

दख्खनी | २४ जून, सकाळी ११:००

फोर्क शोधत असाल तर एक सांगतो, मी फसलोय. सेकंडहँड फोर्क घेताना वरची नळी, स्टिअरर, किती लांब उरलीय ते आधी विचारा. आधीच्या मालकाने त्याच्या फ्रेमप्रमाणे कापलेली असते. तुमची पुढची ट्यूब अधिक हेडसेटच्या वर-खाली मिळून ३० मिमी, अधिक स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) ४०, एवढी किमान हवी. कमी असेल तर तो फोर्क फुकट दिला तरी नको. आणि तुमची फ्रेम जुनी आहे, तेव्हा ती सव्वा इंचाआतली सरळ नळीची असणार. हल्लीचे फोर्क खाली दीड इंच जाड, निमुळते येतात.

१३० मिमी दबणाऱ्या फोर्कच्या जागी १५० चा लावायचा मोह होतो. प्रत्येक २० मिमीला कोन साधारण एक अंशाने झोपतो आणि बीबी वर जाते. चढावर पुढचं चाक भटकतं.

हायड्रोलिक_हरी | २४ जून, दुपारी ३:२०

ब्रेकबद्दल कुणीच काही बोललं नाही! सेकंडहँड हायड्रोलिक घेताना आत कुठलं तेल ते बघा. शिमानोमध्ये मिनरल ऑइल, बऱ्याच जुन्या ॲव्हिडमध्ये डॉट (गाड्यांचं ब्रेक ऑइल). मी एका रविवारी घाईघाईत शिमानोत डॉट ४ भरलं, बाईकच्या दुकानात मिळतं ना, तेच. आठवड्यात रबराची सीलं फुगली, लीव्हर दाबला की परत येईना. पुढचा ब्रेक लागलेलाच राहिला आणि मी सायकल खांद्यावर टाकून तळजाईवरून खाली आलो.

खडूस | २४ जून, दुपारी ३:४५

एवढी वर्षं सायकल आपल्याला वाहत होती, तिलाही सुटी हवी.

माळ्यावरचा | २ सप्टेंबर, रात्री ९:००

खूप दिवसांनी आलो, कारण पावसाळाभर गॅलरी म्हणजे गॅरेज झालं होतं. सायकल उभी आहे. आणि मी एक गाढवपणा केलाय.

२००×५० चा शॉक बेंगळुरूहून एकाकडून घेतला, ६,५०० ला. सील किट १,४०० चं लावलं, आतलं रबर वाळलेलं होतं. हवा भरायला साधा पंप घेऊन बसलो, हात दुखले, काटा हलेना. मग शॉक पंप घेतला. १७० पीएसआयला मी पूर्ण कपड्यांत, पाठीवर बॅग घेऊन बसलो तर शॉकवरची रिंग १४ मिमी सरकली, म्हणजे शॉक तेवढा दबला. ५० च्या २८ टक्के, ताईंनी व्यनित सांगितलेल्या २५ ते ३० च्या मध्ये.

पहिली फेरी गेल्या रविवारी. वेताळ टेकडी, पहाट, ओली काळी माती, टायरला भाकरीसारखी चिकटलेली. वर जाईपर्यंत काही त्रास नाही. उतरताना खाणीच्या बाजूच्या दगडी पायऱ्यांसारख्या जागी मागचं चाक एकदम दबलं, खाड् असा आवाज आला आणि पेडल अडकलं. खाली बघितलं तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये घुसलेला आणि हँगर (डिरेलर टांगायचा तुकडा) वाकून तुटलेला.

मी चेन शॉक फुगलेल्या अवस्थेत मापून कापली होती. सर्वांत मोठ्या ४२ दातांच्या चकतीवर होतो, चाक दबल्यावर चेनला जायला जागाच उरली नाही.

गोदाकाठची | २ सप्टेंबर, रात्री ९:२२

मी ८ जूनला ठळक अक्षरात लिहिलं होतं. ठळक.

माळ्यावरचा | २ सप्टेंबर, रात्री ९:२५

ताई, वाखुसा केली होती.

मी_नाही_त्यातली | २ सप्टेंबर, रात्री ९:३०

😂😂 वाखुसा केली म्हणजे वाचलं असं नाही हे या संस्थळाचं ब्रीदवाक्य करा.

दख्खनी | २ सप्टेंबर, रात्री १०:१५

डिरेलर वाचला का? आणि हँगर कुठून आणणार? फ्रेमवर कंपनीचं नाव नाही म्हणालात, आणि हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा.

माळ्यावरचा | ३ सप्टेंबर, सकाळी ७:४०

डिरेलर वाचला, पिंजरा थोडा वाकलाय तो पक्कडने सरळ केला. हँगरचे दोन तुकडे चिकटपट्टीने जोडून टर्नरकडे नेले. त्याने ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून कानसने आणि ड्रिलने तसाच्या तसा घडवून दिला, आटे पाडून. २५० रुपये. "दोन करून ठेवू का?" असं त्याने विचारलं तेव्हा मी नको म्हणालो, आता वाटतं हो म्हणायला हवं होतं. नवी चेन ताईंच्या पद्धतीने मापली, चार कड्या जास्त निघाल्या.

अटलांटिकपार | ३ सप्टेंबर, सकाळी ९:१०

फोटोत मागचा सांधा चेनस्टेवर (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर), धुऱ्याच्या पुढे दिसतोय. हा हॉर्स्ट लिंक, हॉर्स्ट लाइटनर या माणसाच्या नावावरून. स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने १९९८ मध्ये याचं पेटंट विकत घेतलं होतं, त्यामुळे बरीच वर्षं अमेरिकेत इतर कंपन्यांना परवाना घ्यावा लागायचा किंवा सांधा दुसरीकडे न्यावा लागायचा. २०१३ मध्ये पेटंट संपलं. युरोपातल्या कंपन्या आधीपासून वापरत होत्या. तुमची फ्रेम जर्मनीची, तेव्हा जुळतंय.

झेंडूची_फुलं | ३ सप्टेंबर, सकाळी १०:००

आता मूळ प्रश्नावर या. ४० हजारांत झाली का?

माळ्यावरचा | ३ सप्टेंबर, रात्री ८:५०

नाही. खडूस बरोबर होते, पण थोडेच.

शॉक, सील किट आणि पंप मिळून ९,६००. फोर्क १३० चा, स्टिअरर पूर्ण लांबीचा मिळाला (दख्खनींचे आभार, त्याआधी दोन नाकारले), हेडसेटसकट १०,३००. चाकं सेकंडहँड, टायर नवे, ८,९००. मागच्या चाकाचा आऊट मीच काढला, तीन संध्याकाळी गेल्या. मायक्रोशिफ्टचा ९ स्पीड गिअर सेट, चेन, पुढे ३२ दातांची एकच चकती आणि बीबी असे ११,१५०. ब्रेक ५,२००, मिनरल ऑइलवाले, हरी. बेअरिंग आणि टर्नर १,९००. हँडल, स्टेम, सीटपोस्ट २,८००. बेरीज ४९,८५०. यात वाया गेलेली पहिली चेन नाही. फ्रेम, क्रँक, सीट फुकट. वजन १४.८ किलो, किराणा दुकानाच्या काट्यावर.

खडूस | ३ सप्टेंबर, रात्री ९:०५

हत्यारं?

माळ्यावरचा | ३ सप्टेंबर, रात्री ९:०८

हत्यारांचं घरीही कुणी विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका.

खडूस | ३ सप्टेंबर, रात्री ९:३०

बरं. रविवारी किती वाजता निघता? मी खालून चालत येतो, बघायला. चालवायला दिलीत तर नाही म्हणणार नाही.

बेअरिंगबापू | ४ सप्टेंबर, सकाळी ६:०५

लिंकचे बोल्ट पहिल्या दोन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा. नवी बुश बसते तेव्हा बोल्ट सैल होतो. आणि खुणेसाठी बोल्टच्या डोक्यापासून फ्रेमपर्यंत मार्करने एक रेघ ओढून ठेवा, फिरला तर लांबून दिसतो.

सातारी_कंदी | ४ सप्टेंबर, सकाळी ११:२०

अभिनंदन हो. २००×५७ अजून हाय. ३,५००.